मूठभर मातीची साक्ष

आपल्या घरी रोज सकाळी तांदूळ निवडले जातात. खडे वेचले जातात, कोंडा पाखडला जातो, दोन पाण्यांनी तांदूळ धुतला जातो आणि मग तो चुलीवर चढतो. जे डोळ्यांना दिसते ते गृहिणीच्या बोटांतून सुटत नाही. परंतु जे दिसत नाही, ज्याला वास नाही, चव नाही आणि जे धुऊन जात नाही, ते कसे वेचावे? वाचकहो, ही हकीकत अशाच एका न दिसणाऱ्या वस्तूची आहे. ती घडली जपानमध्ये. परंतु जेथे जेथे डोंगराच्या पोटात खाण आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी शेत आहे, तेथे तेथे ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर तोयामा नावाचा प्रांत आहे. जिन्झू ही तेथील मोठी नदी. तिच्या नावाची अक्षरे 'दैवी सामर्थ्य' असा अर्थ सांगतात, आणि मैदानातील शेतकऱ्यांना ती तशीच वाटत असे. तिचे पाणी पाटांनी खाचरांत येई, त्यावर भात पिके, आणि तेच पाणी घरात पिण्यालाही वापरले जाई. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, नोबोरू हागिनो नावाचे एक डॉक्टर सैन्यातून परत आले आणि फुचू या आपल्या गावी घरचा दवाखाना चालवू लागले. तेथे त्यांच्यासमोर एक विलक्षण दुखणे आले. रोगी बहुतेक स्त्रिया असत; त्याही प्रौढ वयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या, जन्मभर शेतात राबलेल्या. प्रथम कंबर आणि मांड्या दुखू लागत. मग चालणे बदकासारखे डुलत होई. पुढे हाडे इतकी ठिसूळ होत की नुसत्या खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. अंथरुणाला खिळलेल्या या बायका कण्हत म्हणत, 'इताई, इताई'. आपल्याकडची एखादी आजी अशा वेळी 'आई गं, आई गं' म्हणेल, तसेच ते. रोगाचे नावही तेच पडले : इताई-इताई.

नकाशावरचे ठिपके

हा रोग कशामुळे होतो, याविषयी तर्कांना तोटा नव्हता. कोणी म्हणे युद्धकाळातील उपासमार, कोणी म्हणे अतिश्रम, कोणी म्हणे उन्हाचा अभाव. परंतु उपासमार आणि श्रम तर सगळ्या जपानच्या वाट्याला आले होते. मग हे दुखणे एवढ्याच गावांत का? हागिनो यांनी रोग्यांची घरे नकाशावर मांडली. तेव्हा असे दिसून आले की, ज्या शेतांना जिन्झूचे पाणी मिळते त्याच शेतांच्या गावांत रोगी आहेत. शेजारच्या दुसऱ्या नद्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या गावांत, तशीच माणसे, तसेच कष्ट, तसेच अन्न असूनही रोगाचा मागमूस नाही.

नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, कामिओका येथे जस्ताची आणि शिशाची जुनी खाण होती. १८७४ पासून ती मित्सुई या मोठ्या उद्योगसमूहाकडे आली होती. १९५७ साली हागिनो यांनी या खाणीच्या सांडपाण्याकडे उघडपणे बोट दाखविले. तेव्हा त्यांच्या वाट्याला टीका आणि उपहासच अधिक आला. पुढे ओकायामा विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ जुन कोबायाशी यांनी पाण्याचे आणि रोग्यांच्या ऊतींचे पृथक्करण केले, आणि १९६१ साली कॅडमियम या धातूचे नाव पुढे आले. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. त्या देशात अशी मान्यता मिळालेला हा पहिला रोग होय. त्याच वर्षी रोग्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला. १९७१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९७२ साली वरच्या न्यायालयाने तो कायम केला.

आता प्रश्न असा की, कॅडमियम तेथे आले कोठून? कोणी ते मुद्दाम खणून काढीत नव्हते. जस्ताच्या खनिजात ते थोड्या प्रमाणात मिसळलेलेच असते, जसे गव्हात तण उगवावे तसे. खाणीत दगड फोडून त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करतात आणि त्यातून हवी ती धातू वेगळी करतात. उरलेला चोथा, म्हणजे गाळ, बाहेर टाकला जातो. या गाळात शिसे, जस्त आणि कॅडमियम यांचे अंश राहतातच. दगड अखंड असताना डोंगराने जे हजारो वर्षे कवटाळून ठेवले होते, ते चूर्ण होताच पाऊस आणि वारा यांच्या हाती लागते. खनिजातील गंधकाशी हवेचा आणि पाण्याचा संयोग होऊन आम्ल तयार होते. आम्लात धातू विरघळतात. आणि न विरघळलेले बारीक कण पाण्याबरोबर तरंगत खाली जातात. जिन्झूने हे सारे मैदानात आणले. पाट खाचरात शिरतो तेथे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ बसतो. म्हणूनच पुढे माती तपासली तेव्हा पाण्याच्या तोंडाशी असलेल्या भागात कॅडमियम सर्वांत जास्त आढळले. जेथे शेतकऱ्याला कसदार गाळ बसला असे वाटे, तेथेच विष बसत होते.

किती आहे, की कसे आहे?

येथे आपण या लेखाच्या मुख्य प्रश्नाशी येतो. खाणीच्या गाळाने माखलेली माती घातक आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

पहिला उपाय सहज सुचणारा. मूठभर माती घ्यावी, तीव्र आम्लात उकळावी, त्यात किती धातू आहे ते मोजावे. सामान्य मातीत एका किलोग्रॅममागे कॅडमियम एका मिलिग्रॅमहून कमीच असते; त्याच्या पुष्कळ पुढे आकडा गेला की सावध व्हावे. ही चाचणी आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही. गावच्या सावकाराच्या तिजोरीत लाख रुपये असले, म्हणून ते बाजारात फिरत असतात असे नव्हे. बाजारभाव चढतो तो लोकांच्या हाती खेळणाऱ्या पैशाने. धातूंचेही असेच आहे. मातीत एकूण किती धातू आहे यापेक्षा, त्यातली किती मोकळी आहे, म्हणजे मुळांना, किड्यांना आणि माशांना शोषून घेता येण्याजोगी आहे, याला महत्त्व आहे. दोन शेतांत कॅडमियम तंतोतंत सारखे असूनही एका शेतातील भात खाण्यायोग्य आणि दुसऱ्यातील अयोग्य ठरू शकतो.

हा मोकळा आणि अडकलेला भाग वेगळा कसा करावा? १९७९ साली कॅनडातील टेसिये आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली, ती पुढे जगभर रूढ झाली. एकाच मातीवर एकामागून एक पाच निरनिराळी द्रावणे चालवायची; पहिले अगदी सौम्य, शेवटचे अत्यंत तीव्र. पहिल्या सौम्य मिठाच्या द्रावणाने मातीच्या कणांना वरवर चिकटलेली धातू सुटते. ही सर्वांत धोक्याची. दुसऱ्याने चुनखडीसारख्या कार्बोनेटांशी बांधलेली सुटते. मातीला आंबटपणा आला की हीही मोकळी होते. तिसऱ्याने लोखंडाच्या व मँगेनीजच्या गंजात अडकलेली, चौथ्याने कुजलेल्या पालापाचोळ्याशी आणि गंधकाशी जखडलेली, आणि पाचव्याने खुद्द दगडाच्या कणात कोंडलेली. हे पाच दरवाजांचे घर आहे असे समजा. बाहेरच्या ओसरीवर बसलेला पाहुणा कधीही उठून जाऊ शकतो. आतल्या कोठीतला सहजासहजी बाहेर पडत नाही.

पाणी भरले, पाणी सोडले

परंतु हे दरवाजे नेहमीसाठी बंद नसतात, आणि भातखाचरापेक्षा याचे चांगले उदाहरण दुसरे नाही. आपल्यापैकी ज्यांनी कोकणात किंवा मावळात चिखलणी पाहिली असेल, त्यांना पाण्याखालच्या काळ्या चिखलाचा तो विशिष्ट उग्र वास आठवेल. खाचर पाण्याने भरले की चिखलात हवा शिरत नाही. मग हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव कामाला लागतात आणि गंधकापासून सल्फाइड तयार करतात. हे सल्फाइड कॅडमियमला घट्ट धरून ठेवते. असा जखडलेला कॅडमियम मुळांच्या उपयोगाचा राहत नाही. भात पिकत आला की शेतकरी पाणी सोडून देतो, जमीन तडकते, हवा आत शिरते, सल्फाइड मोडते आणि कॅडमियम सुटा होतो; तोही नेमका दाणा भरण्याच्या दिवसांत! पिकाला मिळणारे विष मातीतल्या साठ्यावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच ते शेतातील पाणी केव्हा सोडले यावरही आहे. म्हणून जपानमध्ये शेतकऱ्यांना लोंबी येण्याच्या आधी आणि नंतर सुमारे तीन तीन आठवडे शेतात पाणी ठेवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला.

मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. त्याच मातीत आर्सेनिक, म्हणजे सोमलाचा अंश असेल, तर पाणी भरून ठेवल्याने तो उलट अधिक सुटा होतो आणि भातात शिरतो. एका विषावरचा उतारा दुसऱ्या विषाला आमंत्रण ठरतो. म्हणून केवळ एकाच धातूकडे पाहून निर्णय देणे शास्त्रज्ञ टाळतात.

नदीच्या व तळ्याच्या तळाशी बसलेल्या गाळालाही हाच नियम लागू आहे. १९९० साली अमेरिकेतील डिटोरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गाळातील सल्फाइड आणि सुटण्याजोग्या धातू यांचा हिशेब ताळेबंदासारखा मांडता येतो. गाळावर थंड, सौम्य आम्ल ओतले की कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू बाहेर पडतो, तो मोजावा. त्याच आम्लात उतरलेल्या धातूही मोजाव्यात. सल्फाइडची बाजू जड असेल, तर त्या धातू तळातील जीवांना सहसा मारीत नाहीत. धातूंची बाजू जड झाली, तर धोका संभवतो. अर्थात पुराने किंवा गाळ उपसण्याने तो ढवळून हवेत आला, की हा ताळेबंद पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

जिवंत साक्षीदार

रसायनशास्त्राची साक्ष अशी झाली, तरी अखेर विष म्हणजे काय हे जीवच सांगू शकतो. म्हणून दुसरी साक्ष जिवंत प्राण्यांची घेतली जाते. आपल्याकडे गांडूळखतासाठी जी तांबूस पट्ट्यांची गांडुळे वापरतात, त्याच जातीची निवड १९८४ साली ठरविलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीसाठी झाली. संशयित मातीत गांडुळे चौदा दिवस ठेवतात आणि किती मेली, किती रोडावली ते पाहतात. नदीच्या गाळासाठी त्यातच वाढणाऱ्या एका माशीच्या अळ्या आणि झिंग्यासारखे इवले प्राणी घेतात. ते जगतात का, वाढतात का, पुढची पिढी देतात का, हे पाहिले जाते. प्राणी जगला पण वांझ झाला, तर तोही विषाचाच पुरावा होय.

तिसरी साक्ष प्रत्यक्ष जागेवरची. प्रयोगशाळेतील बरणीत काय घडते ते एक, आणि नदीच्या तळाशी किती प्रकारचे कीटक व शिंपले अजून राहत आहेत ते दुसरे. रसायनांचा आकडा, बरणीतील चाचणी आणि नदीचे प्रत्यक्ष जीवन या तिन्ही साक्षी जुळल्या, तर निकालाबद्दल शंका राहत नाही. त्या परस्परविरोधी असतील, तर अजून शोध घ्यावा लागतो. न्यायालयात एकाच साक्षीदारावर विसंबून शिक्षा देत नाहीत, तसेच हे आहे.

जपानने आपल्या शेतांबाबत एक साधा आणि शहाणपणाचा मार्ग धरला. १९७० साली शेतजमिनीच्या प्रदूषणाविषयी कायदा झाला, तेव्हा कॅडमियमच्या बाबतीत मातीऐवजी तांदळालाच साक्षीला उभे केले. एका किलोग्रॅम तांदळात एक मिलिग्रॅम किंवा अधिक कॅडमियम आढळले, तर ते शेत दूषित समजले जाई. नंतर ज्ञान वाढले आणि २०११ सालापासून तांदळाची मर्यादा ०.४ मिलिग्रॅमवर आणली गेली.

शरीराचे पुस्तक

एवढ्याशा धातूने एवढा अनर्थ कसा होतो, असे आपल्याला वाटेल. याचे उत्तर शरीराच्या जमाखर्चात आहे. अन्नातून आलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तेथून अतिशय सावकाश बाहेर पडते. त्याचा निम्मा भाग जाण्यासही दहा ते तीस वर्षे लागतात. रोजची जमा चिमटीभरही नसते, पण खर्च जवळजवळ नसल्यामुळे शिल्लक वाढतच राहते. अखेर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका बिघडतात. मग जे शरीराने राखून ठेवायचे, ते कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाते आणि हाडे पोकळ होतात. लघवीतील एका विशिष्ट सूक्ष्म प्रथिनाच्या तपासणीने हा बिघाड हाडे मोडण्याच्या पुष्कळ आधी ओळखता येतो.

आणि स्त्रियाच का? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने ऐकावे असे आहे. शरीरात लोह कमी असले की आतडी अन्नातून लोह ओढण्यासाठी जे दरवाजे अधिक उघडतात, त्याच दरवाजांतून कॅडमियमही आत शिरते. वरचेवरची बाळंतपणे, अंगावर पाजणे आणि अपुरे अन्न यांनी क्षीण झालेल्या त्या शेतकरी बायकांची शरीरे विषाला जणू दार उघडून बसली होती. आपल्या देशातील कितीतरी स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. तेव्हा एकाच मातीचा एकाच घरात सर्वांवर सारखाच परिणाम होतो असे समजणे चूक होय. जे निरोगी पुरुषाला सोसते ते घरच्या सुनेला सोसेलच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०१० साली कॅडमियमची मर्यादा दिवसावर न ठेवता महिन्यावर ठेवली : शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. रोजच्या चढउतारापेक्षा साठत जाणारी शिल्लक महत्त्वाची, हेच त्यात मान्य केले आहे. येथे धूम्रपान करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तंबाखूचे पान मातीतील कॅडमियम मोठ्या हौसेने ओढून घेते. त्यामुळे बिडी-सिगारेट ओढणारा खाणीपासून शेकडो कोस दूर राहूनही हे विष पदरचे पैसे देऊन विकत घेत असतो.

तेहतीस वर्षांची शिंपण

जिन्झूच्या काठी पुढे काय झाले? १९७९ साली शेते पुन्हा निर्मळ करण्याचे काम सुरू झाले. दूषित थर खोल चरात पुरून, त्यावर घट्ट थर देऊन, वर डोंगरातील स्वच्छ माती पसरण्यात आली. काही ठिकाणी मूळ जमिनीवरच नव्या मातीचा थर चढविण्यात आला. सुमारे ८६३ हेक्टर शेतजमीन अशी सुधारण्यास २०१२ चा मार्च महिना उजाडला. ज्या शेतकऱ्याने तरुणपणी पहिला चर खणलेला पाहिला, तो काम संपेपर्यंत म्हातारा झाला. रोगी म्हणून शासनाने मान्य केलेल्यांची संख्या दोनशेच्या घरात आहे.

यातील एक गोष्ट मात्र मला विशेष वाटते. १९७२ साली खटला जिंकल्यावर गावकऱ्यांनी पैशाबरोबर आणखी एक वचन घेतले : खाणीत केव्हाही शिरून पाहण्याचा आणि शास्त्रज्ञांना बरोबर नेण्याचा हक्क, तोही कंपनीच्या खर्चाने. तेव्हापासून वर्षानुवर्षे शेतकरी, वकील आणि प्राध्यापक एकत्र डोंगर चढून पाणी तपासत आले. २०१३ साली कंपनी आणि रोगपीडितांच्या संघटना यांच्यात अखेरचा समझोता झाला. खाणीतून धातू काढणे २००१ सालीच थांबले होते. त्याच डोंगराच्या पोटात आज शुद्ध पाण्याची एक प्रचंड टाकी आहे आणि विश्वातून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा शोध तेथे घेतला जातो. ज्या खाणीने एकेकाळी पाणी नासविले, तिच्याच गाभाऱ्यात आता अत्यंत निर्मळ पाणी राखून विज्ञान चालले आहे.

आपल्या देशात राजस्थानातील जावर येथे जस्ताची परंपरा कित्येक शतकांची आहे. गोव्यात डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांतील लोकांनी लोहखाणींचा लाल गाळ पावसाळ्यात खाचरांत उतरताना पाहिला आहे. तो गाळ जिन्झूच्या गाळाहून वेगळा, त्याचा उपद्रवही वेगळा. परंतु त्याच्याविषयी विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. खनिजाशिवाय देशाचे चालत नाही. विजेच्या तारा, पत्रे, यंत्रे यांना धातू हवीच. म्हणून खाणी नकोत असा या लेखाचा आशय नाही. आशय एवढाच की, डोंगर फोडण्यापूर्वी त्याचा चोथा कोठे जाणार, हे विचारले गेले पाहिजे. आणि गाळाची तपासणी करताना, 'यात धातू किती?' एवढ्यावर न थांबता 'ती कोणत्या रूपात? पाऊस पडल्यावर, पाणी सोडल्यावर ती काय करील? आणि कोणाच्या शरीरात जाईल?' हेही विचारले पाहिजे.

आपण खाणीजवळ राहत असाल, तर काही साध्या गोष्टी हाती आहेत. खाणीचा गाळ किंवा मुरूम अंगणात, परसबागेत वा घराच्या भरावात घालू नये. पाटाच्या तोंडाशी बसणारा गाळ, तो कितीही कसदार दिसला तरी, तपासून घेतल्याशिवाय शेतात पसरू नये. माती तपासायला द्याल तेव्हा पाण्याच्या तोंडची आणि शेताच्या मधली, अशी दोन्ही ठिकाणची द्यावी. आणि तिच्या जोडीला त्याच शेताचे धान्यही द्यावे. पुन्हा भरता येणाऱ्या जुन्या कॅडमियमच्या बॅटऱ्या उकिरड्यावर वा खतात टाकू नयेत. आणि घरातील मुलींच्या व बायकांच्या रक्तात लोह पुरेसे आहे ना, इकडे लक्ष असावे. ते त्यांच्या आरोग्यासाठी एरवीही हवेच.

डॉक्टर हागिनो यांच्याजवळ आरंभी ना मोठी प्रयोगशाळा होती, ना सत्तेचे पाठबळ. नकाशा होता, रोग्यांची यादी होती आणि 'याच गावांत का?' हा प्रश्न होता. तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. उद्या सकाळी तांदूळ निवडताना आपल्या हातातील दाणा कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या मातीवर पिकला, असा विचार आपल्या मनात क्षणभर जरी आला, तरी त्या कण्हणाऱ्या बायकांची साक्ष वाया गेली नाही असे म्हणता येईल.